ठाण्याच्या गच्चीवरून उल्का दिसतात का? जेमिनिड्सच्या आठवड्याचा वृत्तान्त

मानपाड्याचा_निशाचर | १७ डिसेंबर २०२५, रात्री १०:१२

दर डिसेंबरात मिथुन राशीतून आल्यासारख्या भासणाऱ्या उल्कांचा, म्हणजे जेमिनिड्सचा, वर्षाव होतो आणि एक बातमी ठरलेली. 'आकाशात दिवाळी, तासाला १२० उल्का!' मग लोक चादरी घेऊन गच्चीवर जातात, अर्ध्या तासात एक उल्का दिसते, तीही शेजारच्याला. त्यानंतर कितीही वर्षं गेली तरी 'ते सगळं थोतांड असतं हो' एवढंच सांगत फिरतात. यंदा ठरवलं की या १२० चा छडा लावायचा.

आमचा गट म्हणजे मानपाडा, वसंत विहार, खारेगाव आणि ऐरोलीची काही टाळकी. नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे अजून फूटही पडलेली नाही. बुधवार १० ते मंगळवार १६ डिसेंबर या आठवड्यात रोज कुठे ना कुठे दुर्बीण लावायची आणि शनिवारी रात्री दोन तुकड्या करायच्या असं ठरलं. एक तुकडी घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, दुसरी कर्जत लाइनवरच्या वांगणीला. दोघांनी ११ ते १२ या एकाच तासात उल्का मोजायच्या. बाकी काही नाही.

बुधवारी आधी आकाशाची इयत्ता काढली, म्हणजे ते किती काळं आहे ते तपासलं. संध्याकाळी आठला भाद्रपदांचा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. चार कोपऱ्यांचे चार तारे सोडून आतले तारे मोजायचे. आतला सर्वांत ठळक तारा साधारण ४.४ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). आमच्या गच्चीवरून चौकोन पूर्ण रिकामा. कोपऱ्यांतलाही एक तारा नव्या टॉवरवरच्या दिव्याच्या वाटेत आल्यामुळे 'तीन कोपऱ्यांचा चौकोन' झाला होता. एकूण हिशेब केला तर साडेतीन प्रतीच्या पुढचं काही दिसत नव्हतं. डिसेंबरात ठाण्यावर संध्याकाळी जी धुळकट साय धरते, ती आणि खालचे एलईडी मिळून हे होतं. ढग एकही नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं निरभ्र म्हणजे चांगलं.

गुरुवारी मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे निम्मी मंडळी घरच्या पूजेत. जे आले त्यांनी शनी पाहिला. आणि तिथे गंमत झाली. सोसायटीतली मुलं 'कडीवाला ग्रह' बघायला रांग लावून उभी, आणि शनीला कडी जवळपास नाहीच! लाडवात आरपार उदबत्तीची काडी खुपसावी तसा दिसत होता. एका मुलाने सरळ विचारलं, 'काका, तुमची दुर्बीण बिघडली का?'

दुर्बीण ठीक आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या फेरीत दोनदा, म्हणजे साधारण पंधरा वर्षांनी एकदा, त्याच्या कड्यांची पातळी पृथ्वीच्या बरोबर समोर धारेवर येते. या वर्षी २३ मार्चला ती तशी आली होती, पण तेव्हा शनी सूर्याच्या इतका जवळ होता की बघणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबरच्या अखेरीस कड्या पुन्हा अगदी चपट्या झाल्या आणि आत्ता कुठे हळूहळू उघडताहेत. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही दशक मीटर, म्हणजे आमच्या बिल्डिंगपेक्षा फार जास्त नाही. धारेवरून पाहिल्यावर दिसणार काय? मला विचाराल तर यंदाचा शनी नेहमीच्या शनीपेक्षा बघण्यासारखा आहे. रुंद कड्यांचा शनी पुढची कित्येक वर्षं रोज दिसेल, हा दिसणार नाही. पण मुलांना हे पटवणं अवघड गेलं. त्यांचं समाधान शेवटी गुरूने केलं.

गुरू सध्या मिथुनेत आहे, सव्वाआठला उगवतो आणि आमच्याकडे बिल्डिंगा ओलांडून वर यायला साडेनऊ होतात. चार चंद्र एका रेषेत आणि दोन पट्टे स्वच्छ. शुक्रवारी आम्ही नुसता गुरूच धरून बसलो. एक चंद्र साडेनऊला जिथे होता तिथून साडेअकराला सरकलेला मुलांनी कागदावर स्वतः काढून पाहिला. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं, आणि त्याची दुर्बीण आमच्या सहा इंचीपुढे खेळणं होती.

आता शनिवार.

वांगणीच्या तुकडीने संध्याकाळची कर्जत लोकल पकडली. ठाण्याहून तासाभराचा प्रवास. स्टेशनपासून पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळावर सतरंज्या टाकल्या. त्यांच्याकडे भाद्रपदांच्या चौकोनात चार तारे दिसत होते, म्हणजे मर्यादा पाच प्रतीच्या आसपास. अंधार आदर्श नाही. पश्चिमेला बदलापूर-अंबरनाथचा उजेड चांगला हातभर वर चढलेला असतो.

मोजणीचा निकाल : ११ ते १२ या तासात वांगणीत प्रत्येक निरीक्षकाला सरासरी २६ उल्का, गच्चीवर ४.

आणि बातमीत १२०. तिन्ही आकडे खरे आहेत. बातमीतला आकडा 'खस्वस्तिकी ताशी दर' असतो. म्हणजे उल्का जिथून येताना भासतात तो बिंदू बरोबर डोक्यावर आहे, आकाश साडेसहा प्रतीपर्यंत काळं आहे आणि क्षितिजापर्यंत काहीही आड येत नाही, असं गृहीत धरून काढलेला. तसं आकाश महाराष्ट्रात तरी मला माहीत नाही. जेमिनिड्समध्ये मर्यादा एका प्रतीने घसरली की दिसणाऱ्या उल्का साधारण अडीच पट कमी होतात. साडेसहावरून पाचवर आलात की चौपट घट, म्हणजे १२० चे तीस. साडेतीनवर आलात की सोळा-सतरा पट घट, म्हणजे सात. त्यात आमच्या गच्चीवरून निम्मं आकाश टॉवरांनी खाल्लेलं, आणि अकराला तो बिंदू अजून पूर्वेला कललेला असतो. चार आल्या यात नवल नाही. उलट हिशेब इतका जुळला की मलाच संशय आला, म्हणून दोन्हीकडची टिपणं पुन्हा तपासली.

वांगणीवाल्यांना खरी मजा बारानंतर आली. मिथुन वर चढत गेलं तशी संख्या वाढत गेली. दीड-दोनच्या सुमारास चंद्रकोर उगवली तरी फार बिघडलं नाही. एक उल्का व्याधाच्या खालून गेली ती हिरवट होती आणि मागे रेघ ठेवून गेली, असं सगळ्यांचं म्हणणं. गच्चीवाल्यांना ती दिसली का? नाही, ते खाली जाऊन चहा पीत होते.

रविवार, सोमवार, मंगळवार फारसं काही नाही. एके रात्री धुरकं इतकं की गुरूसुद्धा पिवळा दिसत होता.

तर माझं म्हणणं असं : उल्का आणि आकाशगंगा यांच्यासाठी लोकल पकडा, दुसरा इलाज नाही. पण चंद्र, गुरू, शनी, जोडतारे आणि रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारे) तारे यांसाठी ठाण्याची गच्ची पुरते आणि बहुतेकांनी ती कधी नीट वापरलेलीच नाही. आधी गच्ची, मग वांगणी. लोक उलटं करतात.

---

ऋता_ऐरोली | १७ डिसेंबर, रात्री १०:५०

मी वांगणीच्या तुकडीत होते. हिरवी उल्का खरंच हिरवट होती, कोणीही शपथेवर सांगेल.

बायकांसाठी थोडं लिहिते, कारण धाग्याच्या मालकांना हे सुचणार नाही. रात्रभराच्या कार्यक्रमाला जाताना पहिला प्रश्न उल्कांचा नसतो, स्वच्छतागृहाचा असतो. माळाजवळच्या घरातल्या वहिनींनी त्यांचं वापरू दिलं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नवीन जागा ठरवताना हे आधी विचारा. दुसरं, मध्येच उठून परतायचं मनात आणू नका. शेवटची गाडी गेली की पहाटेपर्यंत तिथेच. तिसरं, दव. दोन वाजता पांघरुणं पिळून काढावीत इतकी ओली होतात. खाली प्लॅस्टिकचा कागद, वरून रेनकोट, आणि कानटोपी हवीच. ठाण्यात घाम पुसत निघालेली माणसं तिथे कुडकुडत होती.

पिठलं-भाकरीबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

---

जुना_नौपाडकर | १७ डिसेंबर, रात्री ११:२५

वृत्तान्त छान. पण 'आधी गच्ची' हे मला पटत नाही.

मी १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू नौपाड्यातल्या चाळीच्या गॅलरीतून नुसत्या डोळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी वायव्येला, शेपटीसकट. गोखले रोडवर तेव्हाही दिवे होते. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, 'आला का रे तो तुझा पाहुणा?' त्यामुळे 'ठाण्यातून काय दिसणार' म्हणणाऱ्यांतला मी नाही.

तरीही ज्याला आकाशाचं वेड लागायचं त्याला ते काळोखातच लागतं. मला लागलं ते वांगणीला, खगोल मंडळाच्या एका रात्रभराच्या कार्यक्रमात. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, १९८५-८६ च्या सुमारास, आमच्या पिढीत हे खूळ पसरलं आणि शीवच्या त्या मंडळाने ते टिकवलं. तिथे पहिल्यांदा हिवाळी आकाशगंगा सारथीपासून मृगाच्या मागून खाली अगस्तीकडे जाताना पाहिली. त्या रात्री मला कुणी जोडतारा दाखवला असता तर मी 'बरं' म्हणून घरी गेलो असतो.

नवीन माणसाला गच्चीवर बोलावून पिवळा गुरू दाखवलात तर तो परत येईल का? आधी वांगणी. एकदा तोंडाला चव लागली की मग तो गच्चीवरही येईल.

---

मानपाड्याचा_निशाचर | १७ डिसेंबर, रात्री ११:४०

नौपाडकर काका, तुम्ही गेलात तेव्हा वांगणी वेगळी होती. आता स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यात. हिवाळी आकाशगंगा परवा दिसली का, तर 'इथे आहे' असं सांगितल्यावर दिसली. ती दाखवून कुणाला वेड लागेल याची मला खात्री नाही.

शिवाय बाहेरच्या सहलीला येणारे बरेच जण एकदाच येतात. सेल्फी काढतात, भाकरी खातात, दहा वाजता झोपतात.

---

जुना_नौपाडकर | १७ डिसेंबर, रात्री ११:५२

झोपू देत. दोन वाजता लघवीला उठतील तेव्हा वर बघतील. मी तसाच पाहिला होता मृग डोक्यावर.

---

सहावीची_आई | १८ डिसेंबर, सकाळी ९:०५

नमस्कार. वसंत विहारला राहते. मुलगा गुरुवारी गच्चीवर होता ('दुर्बीण बिघडली का' विचारणारा तोच!). आता तो टेलिस्कोपसाठी हटून बसला आहे. ऑनलाइन एक दिसतोय, ७० मिलिमीटर, '५२५ पट' असं लिहिलंय. घेऊ का?

---

लेन्सवाला | १८ डिसेंबर, सकाळी ९:४८

ताई, खोक्यावर ५२५ पट लिहिलं असेल तर ते खोकं दुकानातच राहू द्या.

कोणत्याही दुर्बिणीची उपयोगी वर्धनक्षमता तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट, ही वरची मर्यादा. ७० मिलिमीटरला १४० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं पण काही नवीन दिसत नाही, नुसता काळपट गोळा थरथरत राहतो. आणि ठाण्याच्या हवेत बहुतेक रात्री १५० च्या वर जाण्यात अर्थ नसतो, दुर्बीण कितीही मोठी असो. गरम स्लॅबवरची हवा हलत असते.

त्या खोक्यांमधला दुसरा घोळ म्हणजे तिपाई. हात लावला की पाच सेकंद सगळं डुगडुगतं. मूल दोन दिवसांत कंटाळतं आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

माझा सल्ला : आधी १०×५० ची द्विनेत्री. म्हणजे दहा पट आणि ५० मिलिमीटरची भिंगं. तिच्यातून कृत्तिका बघा, चंद्र बघा, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ बघा. कोपर कठड्यावर टेकवून धरली तर गुरूचे चंद्रही दिसतात. वर्षभर मुलाचा रस टिकला तर सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीला २५ मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की ४८ पट, १० ची लावली की १२०. गणित मुलालाच करायला सांगा. लाकडी पेटीवर बसते, तिपाईची कटकट नाही.

आणि एक गोष्ट मोठ्याने सांगतो : कोणतीही दुर्बीण, द्विनेत्रीसुद्धा, सूर्याकडे वळवायची नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसवायचं काळं 'सन फिल्टर' येतं ते फोडून टाका. ते उन्हाने तडकतं आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसतो, मागे नाही.

---

सहावीची_आई | १८ डिसेंबर, सकाळी १०:३०

खूप आभार. द्विनेत्री घेते. गणित त्याने केलं, वर 'मग ५ ची नेत्रिका लावली तर २४०' हेही सांगून झालं. गच्चीवर घेऊन येते त्याला, तुम्हीच समजवा.

---

खारेगावकर | १८ डिसेंबर, दुपारी १:१५

कालपासून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतंय की १९ डिसेंबरला 'परग्रहवासीयांचं यान' पृथ्वीजवळून जाणार आणि भारतातून नुसत्या डोळ्यांनी दिसणार. थ्री-आय अॅटलस म्हणे. उद्या गच्चीवर यायचं का?

---

मानपाड्याचा_निशाचर | १८ डिसेंबर, दुपारी २:०२

गच्चीवर या, पण त्यासाठी नको.

थ्री-आय अॅटलस हा धूमकेतू आहे. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या अॅटलस दुर्बिणीने शोधला. सूर्यमालेच्या बाहेरून आलेली ही आपल्याला सापडलेली तिसरी वस्तू. पहिली २०१७ ची ओमुआमुआ, दुसरी २०१९ चा बोरिसोव धूमकेतू. म्हणून नावात ३. उद्या तो पृथ्वीच्या 'सर्वांत जवळ' असेल, म्हणजे २७ कोटी किलोमीटरवर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, आता तुम्हीच ठरवा जवळ म्हणजे किती. नुसत्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. आपल्या सहा इंचीतून ठाण्याच्या आकाशात तोही मिळणार नाही, मोठी दुर्बीण आणि काळं आकाश हवं. तो इथे थांबणारही नाही, त्याचा वेगच इतका आहे की सूर्याला त्याला धरून ठेवता येत नाही.

बातमी म्हणून तो मला शंभर यानांपेक्षा भारी वाटतो. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याभोवती बनलेला बर्फ आपल्या अंगणातून चाललाय. पण हे ग्रुपवर टाकलं की 'नासा लपवतंय' असं उत्तर येतं.

---

खारेगावकर | १८ डिसेंबर, दुपारी २:१०

आलं पण. माझ्या काकांनीच टाकलं.

---

प्र_शां_त | १८ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

मी खारघरचा. नवी मुंबईकरांनी कुठे जावं? पूर्वी आम्ही पांडवकड्याच्या बाजूला टेकडीवर जायचो. आता खाली सेंट्रल पार्कपासून वरपर्यंत उजेड. उलव्याकडे अंधार होता, तर तिथे विमानतळ. २५ तारखेपासून उड्डाणं सुरू होताहेत, मग धावपट्टीचे दिवे, पार्किंगचे दिवे, सगळंच.

येऊर कसं आहे? नकाशावर काळं दिसतं.

---

ऋता_ऐरोली | १८ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

येऊर नकाशावर काळं दिसतं कारण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. वन विभागाचं फाटक आहे, रात्री त्या भरवशावर निघू नका. आणि बिबटे आहेत. टॉर्च विझवून अंधारात झोपून राहायचा छंद आणि बिबट्याचं रान, दोन्ही एकत्र नको. आजूबाजूच्या बंगल्यांतल्या पार्ट्यांचे दिवे आणि डीजे वेगळेच.

ऐरोली-खारघरकरांना कर्जत लाइन लांब पडते हे खरं. आम्ही ठाण्यालाच येतो.

---

जुना_नौपाडकर | १८ डिसेंबर, रात्री ८:३०

नवी मुंबईकरांनो, खाडीच्या कडेला उभं राहा. पाम बीच रस्त्याच्या दिव्यांकडे पाठ करून नैर्ऋत्य-पश्चिमेकडे बघितलंत तर क्षितिज मोकळं मिळतं, ते आम्हा ठाणेकरांच्या नशिबात नाही. नुकतीच अमावास्या उलटल्यावरची पातळ चंद्रकोर तिथून उत्तम दिसते. परवाची, २० तारखेची अमावास्या सरली की सोमवारी सूर्यास्तानंतर बघा.

---

गच्चीचा_सेक्रेटरी | १८ डिसेंबर, रात्री ९:२०

धागा वाचतोय. मी धागाकर्त्याच्या सोसायटीचा नाही, पण एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. आकाशप्रेमी येऊन म्हणतात, 'गच्चीवरचे फ्लडलाइट बंद करा.' मग दुसऱ्या दिवशी दहाव्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, 'पाण्याच्या टाकीजवळ अंधार होता, मी पडलो असतो.' सीसीटीव्हीवाला म्हणतो उजेड नसेल तर चित्र येत नाही. महिला सदस्य म्हणतात पार्किंगमध्ये अंधार नको. मी कुणाचं ऐकू?

---

लेन्सवाला | १८ डिसेंबर, रात्री ९:५५

सेक्रेटरीसाहेब, बंद करा असं कुणी समजूतदार माणूस म्हणणार नाही. वळवा म्हणतो.

तुमचा फ्लडलाइट बहुधा भिंतीवर आडवा बसवलाय आणि निम्मा उजेड समोरच्या बिल्डिंगच्या बेडरूममध्ये जातोय. त्याला वरून टोपी घाला आणि तोंड खाली करा. तेवढ्याच विजेत टाकीजवळ जास्त उजेड पडेल. दुसरं, पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या दिव्याऐवजी पिवळसर ३००० केल्विनचा लावा. निळा प्रकाश हवेत जास्त पसरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. तिसरं, गच्चीच्या दिव्याला हालचाल ओळखणारा सेन्सर लावा. आजोबा आले की लागेल, गेले की विझेल. कॅमेऱ्यांना बहुतेक इन्फ्रारेड असतं, त्यांना फ्लडलाइट लागतच नाही, इन्स्टॉलरला विचारा.

वीजबिलाचा मुद्दा सर्वसाधारण सभेत आधी मांडा, आकाशाचा नंतर. अनुभवाने सांगतो.

---

गच्चीचा_सेक्रेटरी | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

टोपीची कल्पना बरी आहे. सेन्सरचं कोटेशन मागवतो. आकाशाबद्दल सभेत बोलणार नाही.

---

संपादक मंडळ | १९ डिसेंबर, सकाळी ८:००

दोन प्रतिसादांतले मोबाइल क्रमांक आणि एका घराचा पत्ता काढून टाकला आहे. भेटीगाठी व्यक्तिगत संदेशातून ठरवाव्यात.

---

प्र_शां_त | १९ डिसेंबर, सकाळी ११:३०

एक अडाणी प्रश्न. उल्का धूमकेतूच्या धुळीच्या असतात असं शाळेत शिकलो. जेमिनिड्सचा धूमकेतू कोणता?

---

मानपाड्याचा_निशाचर | १९ डिसेंबर, दुपारी १२:४५

अडाणी अजिबात नाही, यात भल्याभल्यांची विकेट पडलेली आहे.

जेमिनिड्सचा जनक धूमकेतू नाही, लघुग्रह आहे. नाव फेथॉन, १९८३ साली इरास या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं, १८६० च्या दशकापासून, लोक या उल्का बघत होते पण येतात कुठून ते ठाऊक नव्हतं. फेथॉन दीड वर्षाच्या आत सूर्याला फेरी मारतो आणि सूर्याच्या इतका जवळ जातो की बुध त्यामानाने लांब राहतो. तिथे भाजून निघतो, पण आज त्याच्यापासून जेवढी धूळ सुटताना दिसते ती एवढ्या मोठ्या वर्षावाला पुरणारी नाही. मग पूर्वी कधी तरी एकदम मोठं काही घडलं का, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे.

या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात. आपल्याला प्रचंड वाटतं, पण नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या उल्का ७० च्या वर असतात. म्हणून जेमिनिड्स सावकाश गेल्यासारख्या वाटतात आणि 'ती बघ' म्हणेपर्यंत शेजाऱ्यालाही दिसतात. नवशिक्यांना याहून चांगला वर्षाव नाही.

---

जुना_नौपाडकर | १९ डिसेंबर, दुपारी ४:१०

गच्चीवाल्यांसाठी एक गृहपाठ देतो, म्हणजे मी नुसता वांगणीचाच वकील नाही हे कळेल.

ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे, शर्मिष्ठा आणि कृत्तिका यांच्या मधल्या भागात. एरवी २.१ प्रतीचा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि मग पूर्ववत होतो. उतरायला आणि चढायला मिळून दहा तास. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो, बस्स. तुमच्या साडेतीन प्रतीच्या आकाशातून हे सगळं नाट्य नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. दुर्बीण नको, लोकल नको.

पद्धत सोपी. देवयानीच्या टोकाचा अल्माक २.१ प्रतीचा आहे. ययातीतलाच एप्सिलॉन २.९ चा. रोज रात्री गच्चीवर जाऊन अल्गोल या दोघांपैकी कुणासारखा दिसतो ते वहीत लिहायचं. बहुतेक रात्री अल्माकसारखा. एखाद्या रात्री एप्सिलॉनहूनही फिका दिसला की समजा गाठलंत. मी वर्षानुवर्षं वही ठेवलीय. त्यातली माझी आवडती नोंद आहे 'नऊ वाजता फिका, जेवून आलो तर आणखी फिका'.

---

सहावीची_आई | १९ डिसेंबर, सायंकाळी ५:००

काका, हे आजपासून सुरू. शर्मिष्ठा म्हणजे तो इंग्रजी एम सारखा दिसणारा ना?

---

जुना_नौपाडकर | १९ डिसेंबर, सायंकाळी ५:२०

तोच. संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा, ध्रुवाच्या वर दिसेल. ध्रुव ठाण्यातून फक्त एकोणीस अंशांवर असतो, तो बिल्डिंगमागे लपला असेल तर काळजी नको, शर्मिष्ठा उंच असते. मुलाला वही द्या, रेघा मारलेली. मोबाइलमध्ये लिहू देऊ नका, पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात.

---

मानपाड्याचा_निशाचर | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

बघा, काका गच्चीवर आले.

पुढचं ठरवून टाकू. १० जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे सूर्य मावळताना उगवेल आणि रात्रभर दिसेल. वर्षातला सर्वांत मोठा आणि तेजस्वी गुरू. शनिवारच आहे. त्या रात्री गच्चीवर सार्वजनिक कार्यक्रम करू, मुलं-आजीआजोबा सगळे. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे संध्याकाळी सातला सुरू करून पहाटेपर्यंत थांबलात तर एकाच रात्रीत त्याची सगळी बाजू बघून होते.

जानेवारीच्या अमावास्येला, १८ तारखेच्या आसपासच्या शनिवारी, वांगणी. तेव्हा चंद्र नसेल, दव जास्त असेल. ऋताताईंची यादी सोबत ठेवा.

आणि ३ मार्चच्या खग्रास चंद्रग्रहणाबद्दल आतापासून विचारणा होतेय. आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण जवळजवळ सुटलेलं असेल, खग्रास भाग तर आधीच संपलेला. त्यासाठी सुट्ट्या टाकू नका. होळीच्या दिवसांत आहे, रंग खेळा.

---

खारेगावकर | १९ डिसेंबर, रात्री ९:५८

१० ला येतो. काकांनाही आणतो, ते 'नासा लपवतंय' वाले. दुर्बिणीला डोळा लावून स्वतः बघू देत.

---

गच्चीचा_सेक्रेटरी | १९ डिसेंबर, रात्री १०:२०

बाहेरच्या लोकांना गच्चीवर न्यायचं तर तुमच्या कमिटीची लेखी परवानगी घेतलीत का? वॉचमनच्या वहीत नावं लागतील. आणि रात्री अकरानंतर लिफ्ट चालू ठेवायला सांगा, आजीआजोबा बोलावताय म्हणून म्हटलं.

---

मानपाड्याचा_निशाचर | १९ डिसेंबर, रात्री १०:२६

परवानगीचा अर्ज उद्या देतो. लिफ्टचं लक्षात आलंच नव्हतं, आभार. तुम्हीही या.

---

गच्चीचा_सेक्रेटरी | १९ डिसेंबर, रात्री १०:३१

बघतो. ती शनीची काडी तोपर्यंत राहील का?

---

मानपाड्याचा_निशाचर | १९ डिसेंबर, रात्री १०:३४

राहील, थोडी जाड झालेली. पण सातला सुरुवातीलाच या, नंतर तो पश्चिमेच्या टॉवरमागे जातो.